उंबरे कापणारा राजा: 'द लास्ट एम्परर' पुन्हा पाहताना

धागाकर्ता: कंदील

मंडळी,

गेल्या शनिवारी रात्री झोप येईना म्हणून 'द लास्ट एम्परर' लावला. पहिल्यांदा पाहिला होता कॉलेजात असताना, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, मित्राच्या खोलीतल्या चौदा इंची टीव्हीवर. त्या पडद्यावर बीजिंगची निषिद्ध नगरी (बादशहाचा राजवाडा) म्हणजे पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांची रांगोळी दिसत होती. तरी पुढचे दोन दिवस मी भारावल्यासारखा फिरत होतो. चीनचा शेवटचा बादशहा पुयी म्हणजे तेव्हा माझ्या लेखी एक बिचारा जीव. पावणेतीन वर्षांच्या पोराला सिंहासनावर बसवलं, आईपासून तोडलं, ह्याने वापरला, त्याने वापरला, शेवटी बागेत माळीकाम करायला लावलं. डोळ्यांत पाणी वगैरे.

मधल्या वर्षांत पुयीचं आत्मचरित्र वाचलं (इंग्रजीतून). आणि परवा सिनेमा पाहताना सारखं वाटत राहिलं की दिग्दर्शक बेर्तोलुचीने ह्या माणसाला फार स्वस्तात सोडलंय. गंमत अशी, की त्या माणसाने स्वतःला इतक्या स्वस्तात सोडलेलं नाही!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (गोष्ट इतिहासात घडून गेलेली आहे, त्यामुळे 'स्पॉयलर, स्पॉयलर' करून ओरडू नये.) सिनेमा १९८७ चा. सुरुवात १९५० साली मांचुरियातल्या (ईशान्य चीन) एका रेल्वे स्टेशनवर होते. रशियाने ताब्यात दिलेले युद्धकैदी उतरतात, त्यांतला एक जण न्हाणीघरात जाऊन मनगटाची शीर कापून घेतो. बाहेरून तुरुंगाधिकारी दार बडवतोय, 'दार उघड!' आणि ती हाक थेट १९०८ मध्ये जाऊन पोचते. तिथून पुढे तुरुंगातली चौकशी आणि आठवणी, असा झोका शेवटपर्यंत चालतो. १९१२ मध्ये गादी गेली, पण राजवाडा, नोकरचाकर आणि वर्षाला चाळीस लाख ताएल (चिनी वजन) चांदीचा तनखा (कागदावर तरी) शाबूत राहिला. सहा वर्षांचा बादशहा भिंतीच्या आत बादशहाच राहिला, आणि बाहेर प्रजासत्ताक आलंय हे त्याला कळायला बराच काळ जावा लागला. १९२४ मध्ये एका सरदाराच्या फौजेने बाहेर काढलं. मग तिआनजिन शहरात पार्ट्या. १९३२ पासून जपान्यांनी मांचुरियात उभ्या केलेल्या मांचुकुओ नावाच्या बुजगावण्या राज्याचा प्रमुख, १९३४ पासून 'सम्राट'. १९४५ ला रशियनांच्या हाती, १९५० ला चिनी तुरुंगात, १९५९ च्या डिसेंबरात माफी. १९६७ साली बीजिंगमध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाने मृत्यू. एकसष्ट वर्षांत एवढं सगळं!

सिनेमात दारंच दारं आहेत. उघडणारी, बंद होणारी, नाकावर आपटणारी. त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी भर घालत नाही. मला आत्मचरित्रातली एक बारकी गोष्ट जास्त आवडते. इंग्रज मास्तर रेजिनाल्ड जॉन्स्टन आल्यावर पुयीला सायकलचं वेड लागलं. पण राजवाड्याच्या प्रत्येक दाराला उंच लाकडी उंबरा. सायकल अडायची. पठ्ठ्याने उंबरे कापून टाकले! पिढ्यान्‌पिढ्यांच्या राजांना जे उंबरे खुपले नाहीत ते ह्याने सायकलपायी उडवले. सिनेमात सायकल आहे, आणि ती दृश्यं काय सुरेख आहेत, पण उंबऱ्यांची गोष्ट असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. कारण आतले सगळे उंबरे कापूनही शेवटचा मोठा दरवाजा काही त्याला उघडेना. आई गेल्याची बातमी येते, तो सायकलवरून वेशीपर्यंत जातो आणि शिपाई दार लावून घेतात, तो प्रसंग आठवा.

आता मूळ तक्रार. आत्मचरित्रात पुयी सांगतो की लहानपणी त्याला नोकरांना फटके मारायला लावण्याचा नाद होता. हिजड्यांच्या (राजवाड्यातले खच्ची केलेले सेवक, दुसरा बरा शब्द असल्यास सुचवा) खिडक्यांवर तो हवेच्या बंदुकीने छर्रे मारायचा. एकदा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या सेवकावर खूश होऊन त्याला केक द्यायचं ठरवलं आणि त्यात लोखंडाचा कीस घालायचा बेत केला. चावल्यावर तोंड कसं होतं ते बघायला! त्याच्या दाईने सांगितलं, अरे, ह्याने माणसाचे दात पडतील, त्यापेक्षा वाळलेले दाणे घाल. मग दाणे घातले. हे पोरवयातलं म्हणून सोडून द्या. पण मांचुकुओच्या राजधानीत, चांगचुनला, म्हणजे तिशीतला बाप्या झाल्यावर, राजवाड्यात कामाला ठेवलेल्या अनाथ पोरांना किरकोळ चुकांसाठी मारहाण करवायचा. त्यांतला एक जण पळून जायचा प्रयत्न करताना पकडला गेला आणि मारात मेला. हे पुयीनेच लिहिलंय. सिनेमातला चांगचुनचा पुयी मात्र काळा चष्मा लावलेला, एकटा, उदास, जपान्यांच्या हातचं बाहुलं. जॉन लोनच्या चेहऱ्यावर ते उदासपण शोभतंही फार. ती अनाथ पोरं कुठेच नाहीत.

प्रश्न असा: राजावर सिनेमा काढताना त्याच्या पायाखालची माणसं गाळली की राजा आपोआप करुण दिसायला लागतो का? तुम्हाला काय वाटतं?

---

चहाटळ

पयला नंबर माझा! वाचनखूण साठवली. आत्ता हापिसात आहे, बॉस मागून बघतोय, रात्री निवांत वाचतो. पुढील लेखनाला शुभेच्छा.

---

रानवारा

लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही. सिनेमा म्हणजे कोर्ट नव्हे.

आणि क्रूरपणा दाखवलाच नाही असं कसं म्हणता? धाकटा भाऊ म्हणतो की तू आता बादशहा नाहीस, तेव्हा हा पोरगा सिद्ध करायला काय करतो? सेवकाला शाई प्यायला लावतो. तो म्हातारा मुकाट पितो. वेशीवर अडवल्यावर खिशातला पाळलेला पांढरा उंदीर दारावर फेकून मारतो. ह्या दोन प्रसंगांत तुमचे छर्रे आणि लोखंडाचा कीस सगळं आलं की. दिग्दर्शकाने यादी द्यायची नसते, एक शीत दाखवायचं असतं.

दुसरं, छायाचित्रणाबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, हा अपराध आहे. वित्तोरियो स्तोरारोने अख्ख्या सिनेमाला रंगांची बाराखडी लावलीय. तुरुंग करडा, मेलेला. पहिला भडक रंग येतो तो मनगटातल्या रक्ताचा. मग राजवाड्याचा नारिंगी, बादशहाचा पिवळा. आणि हिरवा येतो जॉन्स्टनबरोबर. एकदा हे कळलं की सिनेमा आवाज बंद करूनही वाचता येतो. शिवाय तो पडदा! पिवळं कापड वाऱ्याने फुगतंय, पोरगं हात वर करून त्यामागे धावतं, पडदा सरतो आणि समोर हजारो माणसं जमिनीला डोकं टेकवून. आणि ह्या महाशयांना त्या गर्दीत फक्त एक किडा ऐकू येतो. राज्याभिषेकात रातकिडा शोधणाऱ्या पोराचा मला तरी राग येत नाही. सिनेमासाठी एकोणीस हजार माणसं गर्दीत उभी केली होती म्हणतात. ती खरी माणसं आहेत हे दिसतं. आज संगणकावर काढलेल्या फौजांना तो घामाचा वास येत नाही.

---

इतिहासाचा_मास्तर

धागा वर आणायला हातभार लावतो. काही दुरुस्त्या, सवयीप्रमाणे.

१९२४ च्या नोव्हेंबरात सैनिक आले तेव्हा पुयी टेनिस खेळत नव्हता. बायकोशी गप्पा मारत फळं खात बसला होता, असं त्यानेच लिहिलंय. पण खेळ अर्ध्यावर टाकून पांढऱ्या कपड्यांत राजवाडा सोडायचा हे पडद्यावर जास्त छान दिसतं, त्यामुळे माफ.

जपानी अधिकारी आमाकासू सिनेमात एका हाताचा आहे. खऱ्या आमाकासूला दोन्ही हात होते. तो मांचुरियातल्या जपानी चित्रपट कंपनीचा प्रमुख होता आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्याने विष घेतलं. सिनेमात गोळी झाडून घेतो.

महाराणी वान रोंगचा शेवट सिनेमा सांगतच नाही, तिला वाटेतच सोडून देतो. प्रत्यक्षात अफूच्या व्यसनात खंगलेली ती बाई १९४६ च्या जूनमध्ये तुरुंगात मेली. दुसरी बायको वेन शिऊ हिने १९३१ मध्ये रीतसर घटस्फोट घेतला. बादशहाला घटस्फोट! सिनेमात ती पावसात छत्री नाकारून निघून जाते तो प्रसंग मात्र झकास. पुढच्या दोन बायका आणि तुरुंगातून सुटल्यावर १९६२ मध्ये केलेली परिचारिका बायको, ह्या तिघींचा सिनेमात मागमूस नाही. पाच बायका दाखवायच्या तर माळीकामाला वेळ कुठून मिळणार म्हणा.

आणि माळीही तो थोडाच काळ होता. १९६० मध्ये वनस्पती उद्यानात, तेही अर्धा दिवस. पुढच्याच वर्षी त्याला राजकीय सल्लागार परिषदेत जुन्या आठवणी आणि कागदपत्रं लिहायच्या-तपासायच्या टेबलावर बसवलं. म्हणजे शेवटी बादशहाचा कारकून झाला. ते सिनेमात घेतलं असतं तर निम्म्या महाराष्ट्राला आपला वाटला असता.

पण सगळ्यात मोठी गळती वेगळीच आहे. १९४६ च्या ऑगस्टमध्ये पुयीला टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात साक्षीला आणलं होतं. आठ दिवस साक्ष चालली. तिथे तो सरळ खोटं बोलला. सगळं जपान्यांनी बळजबरीने करवलं, माझा काही संबंध नाही. स्वतः जपानी सेनापतीला लिहिलेलं पत्र समोर ठेवलं तर म्हणाला, बनावट आहे. नंतर आत्मचरित्रात कबूल केलं की पत्र माझंच. त्याच न्यायासनावर आपले राधाबिनोद पाल होते, ज्यांनी पुढे सगळे आरोपी निर्दोष म्हणून वेगळा निकाल लिहिला. असा प्रसंग हाताशी असताना बेर्तोलुचीने गाळला, ह्याचं मला आजवर कोडं आहे.

---

कंदील

@रानवारा, शाई आणि उंदीर, दोन्ही मान्य. पण दोन्ही वेळा तो पोर आहे, आणि दोन्ही वेळा त्याला आधी कुणीतरी डिवचलंय. म्हणजे त्याचा क्रूरपणाही सिनेमा त्याच्या दुःखाच्या खात्यात जमा करतो. चांगचुनच्या पोरांना मारणारा पुयी तिशी ओलांडलेला आहे. तो हिशोब कुठल्या खात्यात घालणार?

@मास्तर, टोकियोबद्दल अगदी! माझ्या मते तो प्रसंग मुद्दामच गाळलाय. तिथे पुयी खोटं बोलताना दाखवला असता तर आधीच्या दोन तासांत मिळवलेली सहानुभूती तिथल्या तिथे सांडली असती.

---

तारसप्तक

मी सिनेमा पाहिला तो फक्त संगीतासाठी, त्यामुळे तेवढंच.

रिउइची साकामोतो ह्यांना आधी घेतलं होतं नट म्हणून. तो आमाकासू म्हणजे तेच! चित्रीकरण चालू असताना राज्याभिषेकासाठी तुकडा करून द्या म्हणून गळ पडली, आणि पुढे सगळ्या सिनेमाचंच काम अंगावर आलं. डेव्हिड बर्न आणि त्सोंग सू ह्यांच्याबरोबर वाटून ऑस्कर मिळालं. एकूण नऊ नामांकनं आणि नऊच्या नऊ पुरस्कार.

मुख्य धून ऐकताना एक गोष्ट करून पाहा. तंतुवाद्यांचा मोठा ताफा बाजूला सारून फक्त चिनी वाद्यं ऐका. ती मधूनच येतात, एखाद्या घरच्या माणसाने दारातून डोकावून जावं तशी. पूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंदात हा बादशहा नेहमी पाहुणाच वाटतो. आमचे गुरुजी असल्या ठिकाणी म्हणायचे, 'स्वर लागलाय, पण घरचा नाही.' इथे ते मुद्दाम केलंय असं मला वाटतं.

जाता जाता, पटकथेत आमाकासू हाराकिरी करतो असं होतं म्हणे. साकामोतोंनी ठाम नकार दिला, म्हणून पिस्तूल आलं. मास्तर, तुमचा अर्धा आक्षेप त्यांच्या खात्यावर टाका.

---

ठोकळा

अप्रिय मत: मला हा सिनेमा झेपलाच नाही. चीनचा बादशहा, चीनचे मंत्री, चीनची दाई, आणि सगळे आपसात फाडफाड इंग्रजीत. उद्या कुणी शनिवारवाड्यावर सिनेमा काढला आणि नानासाहेब गोपिकाबाईंशी फ्रेंचमध्ये बोलायला लागले तर आपण काय करू? ह्याच धाग्यावर तलवारी निघतील.

शिवाय कंदीलभाऊ, तुमच्या आत्मचरित्राच्या प्रेमाबद्दल एक शंका. हे पुस्तक कुठे जन्मलं? तुरुंगात, कबुलीजबाब म्हणून. छापलं कधी? १९६४ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाच्या परवानगीने. लिहायला सरकारने दिलेला संपादक होता, ली वेन्दा नावाचा. मग त्यात जुन्या राजवटीतला पुयी जितका दुष्ट तितका नवा तुरुंग थोर, हे गणित उघड नाही का? 'मी किती पापी होतो, आणि तुम्ही मला कसं माणूस केलंत!' आपल्याकडे कीर्तनात वाल्याचा वाल्मीकी होतो तेव्हा वाल्याची पापं जरा वाढवूनच सांगतात. तुम्ही म्हणता राजा स्वतःला स्वस्तात सोडत नाही. अहो, तीच तर त्याची सुटकेची किंमत होती!

---

रानवारा

@ठोकळा, इंग्रजीबद्दल असहमत, कबुलीजबाबाबद्दल +१००.

आणि ह्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. सिनेमातला तुरुंगाधिकारी आठवतो? शांत, चष्म्यातून बघणारा, पुयीला सुधारायचं मनावर घेतलेला. शेवटी माओच्या सांस्कृतिक क्रांतीत त्याच्याच गळ्यात पाटी अडकवून लाल रक्षक म्हणवणारी पोरं त्याची धिंड काढतात आणि पुयी रस्त्यात त्यांना अडवायला जातो. 'हा चांगला शिक्षक आहे' म्हणून गयावया करतो.

हे काम केलंय यिंग रुओचेंग ह्यांनी. ते बीजिंगच्या रंगभूमीवरचे बडे नट, १९८३ मध्ये आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'चं चिनी भाषांतर करून त्यात नायकही झालेले. सिनेमा बनत होता तेव्हा ते चीनचे सांस्कृतिक उपमंत्री होते. आणि १९६८ पासून तीन वर्षं ते स्वतः तुरुंगात होते, त्याच सांस्कृतिक क्रांतीत! म्हणजे कैदी राहिलेला माणूस, मंत्री असताना, जेलरचं काम करतोय आणि शेवटी जेलरचाच कैदी होतो. हे माहीत झाल्यापासून मला त्या धिंडीच्या प्रसंगात पुयीकडे बघवतच नाही. मी यिंगच्या चेहऱ्याकडे बघतो.

---

कंदील

@रानवारा, हे मला माहीत नव्हतं. दंडवत!

@ठोकळा, मुद्दा बिनतोड आहे, कोपरापासून नमस्कार. कबुलीजबाबाचं पुस्तक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं धरता येत नाही. पण एक फरक करतो. 'मी देशद्रोही, मी शोषक' ही पक्षाला हवी असलेली भाषा, ती कुणीही लिहून देईल. पण कापलेले उंबरे, केकमधला लोखंडाचा कीस, नव्या टेलिफोनवरून नाटकातल्या नटाला फोन लावून त्याची फिरकी घेणं, असली माहिती पक्षाला सुचत नाही. ती माणसाच्या आठवणीतूनच येते. मी पुस्तकातल्या मोठ्या शब्दांवर नाही, ह्या फुटकळ गोष्टींवर विसंबतो.

आणि इंग्रजीबद्दल: मलाही आधी खटकलं. पण चिनी सरकारने पहिल्यांदाच पाश्चात्त्य चित्रपटाला निषिद्ध नगरीत कॅमेरा लावू दिला, पैसा युरोपातून उभा राहिला. भाषा कुठली असणार ते तिथेच ठरलं. तुमची फ्रेंच गोपिकाबाई मात्र डोळ्यांसमोरून जाईना झालीय.

---

सोलापुरी_चादर

लई भारी चर्चा. मला सिनेमातलं फार कळत नाही, पण एक वेगळंच मनात आलं म्हणून लिहितो.

हा पुयी चांगचुनला जपान्यांच्या संरक्षणात सम्राट म्हणून बसला होता, त्याच वर्षांत आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उत्तर चीनमध्ये जपान्यांशी लढणाऱ्या सैनिकांची ऑपरेशनं करत होते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यातले ते. बाकीचे परत आले, हे राहिले. तिथल्याच गुओ चिंगलानशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय अवघं बत्तीस. तेव्हा पुयी छत्तीस वर्षांचा आणि गादीवर.

आमच्या घरी आजोबा शांतारामबापूंच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'बद्दल सारखं बोलायचे. त्यामुळे चीन म्हटलं की मला लहानपणापासून डॉक्टरच आठवतो, बादशहा नाही. ह्या सिनेमात जपानी आक्रमणाची जुनी दृश्यं येतात ना, नानजिंगच्या कत्तलीची वगैरे? (जपानमध्ये दाखवताना वितरकाने ती आधी कापली होती आणि बोंब झाल्यावर परत जोडली.) ती आली आणि मी सिनेमा थांबवून पाणी प्यायला उठलो. धागाकर्ते म्हणतात ती पायाखालची माणसं, ती तिथे होती. अर्धा मिनिटभर.

---

अबोली_रत्नांग्री

सोलापूरकरांनी वाट काढून दिली म्हणून मीही थोडं अवांतर करते.

परदेशी राजा आणि नजरकैद म्हटलं की आम्हा रत्नागिरीकरांना चीनपर्यंत जावं लागत नाही. आमच्याकडे थिबा राजा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. २९ नोव्हेंबर १८८५ ला इंग्रजांनी मंडालेत त्याला ताब्यात घेतलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तीस वर्षं तो इथे राहिला. १९१० मध्ये त्याच्यासाठी तो मोठा लाल राजवाडा बांधून झाला आणि त्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजाची समाधी इथेच राहिली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले, तेव्हा गावात केवढी गडबड उडाली होती!

लहानपणी आम्ही थिबा पॉइंटला फिरायला जायचो. कुणालाच ते फार दुःखाचं वाटायचं नाही. भेळ खायची आणि सूर्य बुडताना बघायचा. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू ही तर रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, चारचौघींसारखी मराठी बोलायची, आणि गरिबीत म्हातारी झाली. राजाची नात म्हणून तिच्याकडे कुणी फार वेगळं बघत नसे.

थिबाच्याही हाताला रक्त होतं. गादीवर आला तेव्हा मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या कितीतरी भावंडांची कत्तल झाली होती. इथे आल्यावर मात्र तो 'बिचारा थिबा राजा' झाला. पुयीलाही बेर्तोलुचीची गरज नव्हती, एखादं लहान गाव पुरलं असतं. माणसं आपल्या दारात पडलेल्या राजाला फार लवकर माफ करतात हो.

---

इतिहासाचा_मास्तर

अबोलीताई, प्रतिसादाचा वेगळा धागा काढाच. आणि त्या राजवाड्याच्या लाकडी कामाचे फोटो असतील तर तेही टाका.

पुयीच्या अस्थींबद्दल राहिलं. आधी त्या बीजिंगच्या सरकारी दफनभूमीत होत्या. १९९५ मध्ये त्या छिंग घराण्याच्या पश्चिम थडग्यांजवळच्या एका खाजगी स्मशानभूमीत हलवल्या. म्हणजे पूर्वजांच्या शेजारी गेला, पण धंद्यासाठी काढलेल्या स्मशानभूमीत. हे माझं शेवटचं पोस्ट (असं दर वेळी म्हणतो).

---

चहाटळ

वाचला एकदाचा पूर्ण धागा, आणि काल रात्री सिनेमाही पाहिला. आईही बसली शेजारी. मला वाटलं पंधरा मिनिटांत झोपेल. शेवटपर्यंत जागी! शेवटी म्हातारा पुयी तिकीट काढून स्वतःच्याच राजवाड्यात जातो, सिंहासनामागून ती जुनी डबी काढून रखवालदाराच्या पोराला देतो आणि त्यातून रातकिडा जिवंत बाहेर येतो, तेव्हा मी म्हटलं, 'आई, हे कसं शक्य आहे, साठ वर्षं?' तर म्हणाली, 'गप बस.'

मग झोपायला जाताना दारात थांबून विचारलं, 'त्या दूध पाजणाऱ्या बाईचं पुढे काय झालं रे?' ती कोण ते मला पटकन कळेना. आठ वर्षांचा घोडा झाला तरी त्याला अंगावर पाजणारी, आणि जिला एक दिवस त्याला न सांगता घालवून देतात ती. तो मागे धावत जातो, 'ती माझी दाई नाही, माझं फुलपाखरू आहे' म्हणतो, ती. मला उत्तर देता आलं नाही. कंदीलभाऊ, पुस्तकात आहे का काही?

---

कंदील

आहे. आणि माझ्या लेखात ती आलीय, पण मीही तिला एका वाक्यात उरकलं. केकमध्ये लोखंडाऐवजी दाणे घालायला लावणारी तीच.

आडनाव वांग. गरिबाघरची. नवरा वारलेला, घरी सासू-सासरे आणि पदरात तान्ही मुलगी. त्यांचं पोट भरावं म्हणून पुयी जन्मला तेव्हा ती त्याच्या वडिलांच्या वाड्यावर दूध पाजायला राहिली. अटी अशा: घरी जायचं नाही, स्वतःच्या मुलीला भेटायचं नाही, आणि दूध चांगलं यावं म्हणून रोज वाडगाभर चरबीचं मांस अळणी खायचं. मीठ नाही. पुयी राजवाड्यात आला तशी तीही आली. पुयी लिहितो की दुसरी माणसंही आपल्यासारखीच माणसं आहेत, त्यांनाही दात आहेत, त्यांनाही भूक लागते, हे त्याला फक्त तिच्या तोंडून कळलं. ती गेल्यावर ते सांगणारं कुणी उरलं नाही.

तो आठ वर्षांचा असताना तिला काढून टाकलं. लग्न झाल्यावर पुयीने तिला शोधून काढलं, मधूनमधून बोलावून घ्यायचा. पुढे चांगचुनला आणून शेवटपर्यंत सांभाळलं. तिने स्वतःहून कधी काही मागितलं नाही.

आणि काकूंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ती दूध पाजायच्या कामावर असतानाच तिची मुलगी वारली. दुःखाने दूध बिघडेल म्हणून तिला कुणी कळवलं नाही. कामावरून काढल्यावर ती घरी गेली, तेव्हा तिला कळलं.